बोटांनी पाहायचं दुपटं

नांदुऱ्यात स्टेशनाकडच्या गल्लीत महामायाबाई ब्लाउज शिवायच्या. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आपल्या हातचा ब्लाउज बावीस वर्षांत कोणी उसवायला परत आणला नाही, हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. पण गेला आठवडाभर गिऱ्हाइकांची कापडं घडी करून बाजूला पडली होती आणि मशीनवर नातवाचं दुपटं चाललं होतं.

अश्वजित नऊ महिन्यांचा झाला होता. त्याला दिसत नव्हतं. न दिसणाऱ्या लेकरांना शिकवणाऱ्या सारिका मॅडम दर पंधरा दिवसांनी खामगावहून यायच्या. त्याच म्हणाल्या होत्या, "आजी, याचे हात म्हणजेच याचे डोळे. मऊ, खरखरीत, गार, कुरकुरीत, असे तऱ्हेतऱ्हेचे तुकडे जोडून एक दुपटं शिवा. बोटांना ओळख होऊ द्या."

इतक्या महिन्यांत महामायाबाईंना पहिल्यांदाच काही करण्याजोगं मिळालं. मुलाच्या, धम्मरत्नच्या जुन्या, जाड उभ्या रेघांच्या कॉर्डरॉय पँटचा पाय त्यांनी कापला. मखमल आणली, टॉवेलचा तुकडा घेतला, गोणपाट तीनदा धुतलं. वेफर्सचं रिकामं पाकीट दोन पदरांत शिवलं, म्हणजे दाबलं की कुरकुर वाजेल. बटणं मात्र लावली नाहीत. तोंडात गेलं तर? त्याऐवजी चिंध्यांच्या गाठी दुहेरी दोऱ्याने पक्क्या केल्या.

मशीन चालू असली की बरं वाटायचं. थांबली की जानेवारी आठवायचा.

अश्वजित सातव्या महिन्यातच जन्मला होता. बावीस दिवस काचेच्या पेटीत राहून घरी आला, तेव्हा कागदावर लिहून दिलं होतं: आठ दिवसांत अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. अनुपमा, त्यांची सून, पिशवी भरून तयार होती. महामायाबाईच आडव्या आल्या. "एवढंसं लेकरू अन् एवढी थंडी! डोये काय पयून चालले? सव्वा महिना होऊ दे, मंग जा." सव्वा महिना झाला तर सर्दी झाली. अकोल्याला पोचायला अडीच महिने गेले. डॉक्टरांनी आत बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आधी का नाही आणलं? वेळेत उपचार झाले असते तर नजर वाचली असती."

घरात त्यावर पुन्हा कोणी बोललं नाही.

दुपटं पुरं झालं त्या दिवशी अनुपमाने ते सतरंजीवर पसरलं आणि बाळाला त्यावर निजवलं. महामायाबाईंनी त्याची मूठ हलकेच उघडली आणि तळवा मखमलीवर ठेवला. चटका बसावा तसा त्याने हात ओढून घेतला. टॉवेलवर ठेवला, तसंच झालं. गोणपाटाला बोटं लागली मात्र, बाळ लालबुंद झालं आणि श्वास कोंडेपर्यंत रडलं. अनुपमाने त्याला उचलून घेतलं.

"गोणपाट टोचलं असन त्याले," महामायाबाई म्हणाल्या. त्यांनी ते उसवून तिथे मलमल लावली. बाळाने मलमलीवरूनही हात काढला. मग गाठी उसवल्या. मग पाकीट काढलं. चार दिवसांत चारदा दुपटं उसवलं आणि शिवलं, आणि बाळाच्या मुठी आणखीच घट्ट मिटल्या.

सारिका मॅडम आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कापड बदलून उपयोग नाही, आजी. त्याचा हात धरू नका. हाताला काय लागणार ते त्याला आधी दिसत नाही, म्हणून भीती वाटते. दुपटं खाली असू द्या. तो आपणहून येईल."

"किती दिवसांत येईन?"

"ते नाही सांगता येत. काहींना महिना लागतो, काहींना वर्ष."

"मंग तवरक म्या काय करू?"

"काही करू नका. जवळ बसा, बोलत राहा."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी सासू-सुना दुपट्याच्या दोन बाजूंना बसल्या. बाळ मधे, मुठी छातीशी घेऊन पडलेलं. बोलत राहायचं होतं, पण महामायाबाईंच्या तोंडून भलतंच निघालं.

"अनुपमा, त्या दिवशी म्याच तुले थांबवलं होतं वं."

अनुपमा बाळाकडेच पाहत होती. "माहीत हाय मले."

"एकदा तरी बोल मले. शिव्या दे."

"काय बोलू, आई? तुम्ही नका म्हटलं. पण माय तर मी होती ना त्याची. म्या काऊन ऐकलं तुमचं?"

महामायाबाईंना सुनेच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण ठेवायची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात बाळाने पाय झाडला. टाच कॉर्डरॉयवर पडली. एकदा घासली, थांबली, पुन्हा घासली. दोघींनी श्वास रोखला. मग त्याने पाय वर घेतला आणि पोटाशी दुमडून ठेवला.

"पाह्यलं काय?" महामायाबाई कुजबुजल्या.

"हो."

नुसतं तो इवला पाय धरून परत त्या कापडावर टेकवला तर? त्यांचा हात पुढे गेलाही. अर्ध्यावरून त्यांनी तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसल्या. ऊन उंबऱ्यावरून उतरेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या. पाय काही पुन्हा खाली आला नाही.