फोटोपुरतं

शिंपीणबाई सून म्हणून या गावात आली, त्याला आता एक तप उलटून गेलं होतं. अर्ध्या गावाचे पडदे आणि गणवेश तिच्याच मशीनखालून जायचे.

पर्यटक वाढले तशी गावाची झोप उडाली. पहाटेपासून गल्लीत चाकांच्या बॅगा खडखडत. जुन्या भाडेकरूंना काढून घरमालक पाहुण्यांना खोल्या देऊ लागले. शेवटी मोर्चा ठरला. पुढाकार नणंदेचा.

"वहिनी, फलक तुझ्याच हातचा हवा."

तिने जाड कापडावर एकेक अक्षर कापून शिवलं : 'गाव आमचं आहे'. 'आमचं'वरचा अनुस्वार तीनदा उसवला, गोल धड बसेना.

मोर्चात ओरडून ओरडून तिचा घसा बसला. चौकात बातमीदार म्हणाला, "फोटोला फक्त मूळचे गावकरी घेऊ." फलकाची काठी धरून ती तशीच उभी राहिली. नणंद हसतच जवळ आली.

"वहिनी, जरा बाजूला होतेस? उगाच कोणी नावं ठेवायला नको."

"मी बाहेरची, वन्सं?"

"अगं, तू आमचीच गं. फोटोपुरतं फक्त."

दुसरी काठी नवऱ्याच्या हातात होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो खाकरला, म्हणाला, "माझा चष्मा धर. फोटोत चकाकतो."

तिने काठी नणंदेकडे दिली आणि चष्मा घेतला. मग कुणीतरी पर्स दिली, कुणी छत्री. ते सगळं सांभाळत ती बघ्या पर्यटकांच्या घोळक्यात उभी राहिली. शेजारच्या पाहुण्याने टाचा उंचावत विचारलं, "काय लिहिलंय हो तिथे?"

"गाव त्यांचं आहे, असं," ती म्हणाली.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ करतेस?"

"वन्संचं सोड. तू का मूग गिळून बसलास?"

"चारचौघांत बहिणीला तोडून बोलू?"

"बोलायचं नव्हतंच. हातातली काठी सोडायची होती."

मुलीने जेवायला हाक मारली, तरी दोघं उठले नाहीत.

पुढच्या आठवड्यात नणंद ब्लाउजचं कापड घेऊन आली. नेहमीसारखी सरळ आत शिरू लागली, तर ही दारातच उभी.

"द्या इकडे. गुरुवारी न्या."

"अगं, आत तरी बोलव! माप नको घ्यायला?"

"माप आहे माझ्याकडे," ती म्हणाली आणि मशीनकडे वळली.