फटीत उरलेली मी

मी एक जुनी, तपकिरी समुद्रवनस्पती आहे. लोक मला शेवाळ म्हणतात. उंची वीतभरही नाही, पण रग बघाल तर तोंडात बोटं घालाल!

मित्रांनो, माझा जन्मच मारामारीतला. आईने भरतीच्या पाण्यात लाखो बीजाणू सोडले, त्यातली मी एक. आम्ही पोहतो ते फार तर काही तास. तेवढ्यात खडक सापडला तर ठीक, नाहीतर खेळ खलास. मी चिकटले. शेजारच्या भावंडांना गोगलगायींनी खरवडून खाल्लं, उरलेल्यांना लाटांनी आपटून मारलं. दर उन्हाळ्यात माझी पानं करपून जातात आणि खडकावर नुसता पापुद्रा उरतो. थंडीत त्यालाच पुन्हा पानं फुटतात. तो पापुद्रा म्हणजेच मी.

दक्षिणेचं पाणी तापलं, तिथली आमची जात मेली. उत्तरेला बर्फ खडक घासून काढतो. उरला हा एवढाच किनारा.

इथे एक शेवाळ विकणारी बाई येई. कात्रीने वरची पानं कापी, पापुद्र्याला धक्का लावत नसे. "केवढी चिवट बया!" म्हणायची. मला बरं वाटायचं.

यंदा तिचा गुडघा धरला, म्हणून तिने रंगारी जावयाला पाठवलं. त्याने आणली पोपडे काढायची पोलादी पाती! मग काय विचारता. खर्र खर्र, सगळ्यांना मुळासकट सोललं. माझ्या साऱ्या शेजारणी फाटून पाटीत पडल्या. सासू लंगडत आली, तर हा छाती फुगवून म्हणतो, "बघा सासूबाई, खडक कसा चकाचक केलाय! ही एक फट तेवढी राहिलीय."

त्या फटीत मी होते. माझे बीजाणू पिकायला आठ दिवस होते.

"अहो जावईबापू, भिंत आहे का ती? थांबा!"

पण पातीचा कोपरा माझ्यात घुसला होता. मी अर्धी तुटले. बाईने फटीवर तळहात दाबला आणि पाती त्यात रुतली. तिचं रक्त माझ्यावर सांडलं. जावई पांढराफटक पडला.

"माझा हात भरून येईल," ती ओठ चावत म्हणाली. "हिची पिल्लं लांबून पोहत येत नाहीत. ही मेली की किनारा कायमचा बोडका."

आठ दिवसांनी मी बीजाणू सोडले. त्या सोललेल्या खडकावर आजवर सातच तगलेत. मित्रांनो, पानं खुशाल न्या, पण मुळाला हात घालू नका. आणि ओहोटीला इकडे आलात तर जरा जपून पाय टाका. माझी लेकरं अजून डोळ्यांना दिसत नाहीत.