इतर हक्क

पनवेलात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला लोक डॉक्टरसारखं बोलावतात, फक्त औषध काय द्यायचं ते आधीच ठरवून ठेवतात. काशिराम मढवी तर ऑपरेशनसुद्धा स्वतः सांगायचे.

विचुंब्याला त्यांच्या वडिलांच्या भातखाचरावर आता बिल्डिंग उभी राहत होती आणि काशिरामशेठ शेतकऱ्याचे बिल्डर झाले होते. नवीन पनवेलच्या ऑफिसात विंडोजची तीन मशीन. शेठच्या मशीनवर पत्त्यांचा डाव, धाकटा भाऊ बळीराम याच्या मशीनवर लग्नाचे फोटो आणि बहीण किशोरीताई हिच्या मशीनवर काम. नकाशे ती काढायची, पत्रं ती लिहायची. मग दोघे भाऊ त्यांच्या प्रती आपापल्या मशीनवर नेऊन त्यात बोटं घालायचे. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ अशा नावांच्या फाइली झाल्या आणि एका जिन्याचं तोंड थेट भिंतीत निघालं, तेव्हा मला फोन आला.

मी म्हटलं, एक लिनक्सचा सर्व्हर ठेवू, सगळ्या फाइली तिथे. लिनक्सला विंडोजची भाषा कळत नाही, विंडोजला लिनक्सची, म्हणून मध्ये सांबा नावाचा दुभाष्या बसवायचा. त्याच्यामार्फत जो फोल्डर सगळ्यांना दिसतो, त्याला म्हणतात शेअर.

“आता ठरवा, कुणाला काय हक्क द्यायचे,” मी म्हणालो. “फाइलीला तीन प्रकारची माणसं असतात. मालक, मालकाचा गट आणि इतर.”

शेठ खुर्चीत सरसावून बसले. “आरं, हा तं सातबारा हाय! मालक, गट नंबर नि इतर हक्क. गोऱ्यांनी आपलाच चोरला!”

इतक्या लवकर हे मला कॉलेजातसुद्धा कळलं नव्हतं. पण माणूस हुशार असला की तो ती हुशारी कुठे वापरेल याचा नेम नसतो.

“मालक मी. गटात बळीराम,” शेठ म्हणाले.

“आणि किशोरीताई?”

“ती इतर हक्कात. वाचू दे तिला. लिवायचं काय काम?”

“शेठ, इथली प्रत्येक फाइल त्यांनीच बनवली आहे.”

“आसंल. सातबाऱ्यावर बी ती तितंच हाय.”

आणि तिथूनही तिचं नाव जायचं होतं. येत्या सोमवारी रजिस्ट्रारकडे ती हक्कसोडपत्रावर सही करणार होती. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावांना राजीखुशीने देते, असं लिहून. त्या राजीखुशीची साडी प्लॅस्टिकसकट तिच्या टेबलावर येऊन पडली होती. तिने एकदा त्याच बिल्डिंगमध्ये राहायला एक घर मागितलं होतं. “तुला काय कमी हाय?” एवढंच उत्तर मिळालं होतं.

माझा संताप झाला. पण गिऱ्हाइकाने सांगितलं तसं मी करून दिलं. भोगा म्हटलं कर्माची फळं.

दुसऱ्याच दिवशी शेठचा फोन. “तुझा मशीन बिघडलाय!”

गेलो. किशोरीताई हात मांडीवर ठेवून बसली होती. “मी काढलेला नकाशा मलाच सेव्ह करता येत नाही,” ती शांतपणे म्हणाली. आर्किटेक्ट नकाशासाठी खोळंबला होता, बळीराम तिसऱ्यांदा चहा सांगत होता. कोपऱ्यात शेठच्या आई, गंगाबाई, लेकांसाठी आणलेला बोंबलाच्या कालवणाचा डबा सोडत होत्या.

“मशीन ठणठणीत आहे,” मी ओरडलोच. “किशोरीताईंना शेअर द्यावाच लागेल! नाहीतर तुमची बिल्डिंग इथेच अडली म्हणून समजा!”

गंगाबाईंचा हात डब्यावरच थांबला. “काय बोल्ला ह्यो? पोरीला शेअर द्यावा लागंल?”

“आये, तो शेअर येगला हाय,” शेठ म्हणाले.

“मी आडानी हाय, बहिरी नाय. शेअर म्हंजी वाटाच ना, तो येगला कसा आसंल? कोन सांगतंय द्यायला?”

“मशीन सांगतंय, आजी,” मी म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

गंगाबाईंनी सर्व्हरच्या लुकलुकत्या दिव्याकडे बघितलं, मग थोरल्याकडे. “मशीनला कललं, तुला नाय कललं? चिखल तिनं बी तुडवलाय. तिला शेअर नाय, तं सोमवारी माजा बी आंगठा नाय.”

कागदावर आईचाही अंगठा लागणार होता. शेठचा चेहरा उतरला आणि लगेच पुन्हा खुलला. “दिला!” ते म्हणाले. “आये, आताच देतो. तुज्यासमोर देतो!” आणि मला डोळा मारला.

मी ‘किशोरी’ नावाचा शेअर बनवला, मालक किशोरी. पडद्यावरचं नाव बळीरामने मोठ्याने वाचून दाखवलं. गंगाबाईंनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. पेढे आले. त्या दिवशी ऑफिसात जो आला त्याला शेठने पेढा दिला नि सांगितलं, “बहिनीला शेअर दिला, बरं का!” लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. मी माझा पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

सगळे जेवायला बसल्यावर किशोरीताईने विचारलं, “हा फोल्डर आता माझ्या नावावर. मी तो दादाच्या नावावर करून देऊ शकते?”

“नाही ताई. लिनक्समध्ये मालकाला आपली मालकी स्वतःहून दुसऱ्याला देता येत नाही.”

“मालकाने खुशीने दिली तरी?”

“तरी नाही.”

ती साडीच्या प्लॅस्टिककडे बघत राहिली. “ज्याने हे बनवलं, त्याच्या घरी भाऊ असणार,” ती म्हणाली.

सोमवारी मी रजिस्ट्रारच्या ऑफिसातच होतो, बाहेरच्या टायपिंगवाल्याचा प्रिंटर मीच दुरुस्त करतो. किशोरीताई तीच साडी नेसून आली. शेठने कागदावर बोट ठेवलं. तिने पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

“दादा, तू मला शेअर दिलास ना?”

“आगो, तो...” शेठने आईकडे बघितलं.

“आईसमोर दिलास. अख्ख्या पनवेलला पेढे वाटलेस. आता मी सोडला, तर लोक म्हणतील काशिराम मढवीने दिलेला परत घेतला. तुझी अब्रू मी नाही घालवणार.”

गंगाबाईंच्या अंगठ्याला शाई लागली होती. त्यांनी तो शांतपणे पदराला पुसला.

दुपारी शेठचा फोन आला. आवाज बसला होता. “तो शेअर काढून टाक.”

“काढतो, शेठ,” मी म्हणालो. “कोणता?”

 फोनमध्ये मागून गंगाबाईंचा आवाज आला, “कोनाशी बोलतंस रं?” आणि फोन बंद झाला.