ब्याऐंशीचं पाणी

संदेश लोकांना पाणी काळं करून दाखवायचा. वाशिंदच्या नव्या बिल्डिंगींमध्ये कुणाच्या तरी ओट्यावर दोन ग्लास मांडायचे, एकात घरच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात कंपनीच्या फिल्टरचं. मग पिशवीतून सळ्यांचं यंत्र काढून ते दोन्ही ग्लासांवर बसवायचं आणि बटण दाबायचं. मिनिटभरात नळाचं पाणी आधी पिवळं, मग हिरवट, मग गटारासारखं काळं व्हायचं आणि वर फेस धरायचा. फिल्टरचं पाणी मात्र जसंच्या तसं. घरची बाई तोंडाला पदर लावायची, नवरा म्हणायचा, हे आपण पोरांना पाजतोय. तेवढ्यात संदेशचं पावतीपुस्तक बाहेर आलेलं असायचं.

ही सगळी हातचलाखी आहे हे त्याला ठाऊक होतं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की सळीचं लोखंडच झिजून पाण्यात उतरतं. काळं दिसतं ते हे लोखंड. फिल्टरच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, म्हणून ते ढिम्म राहतं. चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तेही काळं झालं असतं. कंपनीच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने ते एकदा स्वतः करून बघितलं होतं आणि बघून गप्प बसला होता. पोटापाण्याचा धंदा म्हटला की माणूस बऱ्याच गोष्टी बघून गप्प बसतो.

पण त्याच्याजवळ दुसरंही एक यंत्र होतं. पेनाएवढा मीटर, शर्टाच्या खिशाला अडकवलेला. टोक पाण्यात बुडवलं की छोट्या पडद्यावर टीडीएसचा आकडा यायचा, म्हणजे पाण्यात क्षार किती विरघळलेत त्याचा. आकडा तीनशेच्या वर गेला तर तोच दाखवून फिल्टर खपवायचा, दीडशेच्या खाली असला तर मीटर खिशात ठेवून सळ्या काढायच्या, असं साहेबांनी शिकवलं होतं. त्यामुळे झालं असं की, सळ्या खोटं बोलतात हे कळल्यावर मीटर खरं बोलतो असं संदेशने स्वतःच ठरवून टाकलं. जे यंत्र धंद्याच्या आड येतं ते प्रामाणिकच असणार, नाही का? बाहेर तो लोकांना फसवायचा, पण घरच्यांना फसवणाऱ्यातला तो नव्हता. आणि घात झाला तो ह्याच प्रामाणिकपणाने.

घर म्हणजे वाशिंदमधलाच, तिसऱ्या मजल्यावरचा एक छोटा फ्लॅट. वडील गेल्यावर सापगावचं घर काकाच्या ताब्यात देऊन तो आईला, काशीला, इथे घेऊन आला होता. काशीला फ्लॅटमधलं सगळं पटलं, नळाचं तेवढं पटलं नाही. विहिरीत काय पडलंय ते वाकून बघता येतं. हे पाणी भिंतीतून येतं, भिंतीच्या आत कुणी बघितलंय, असं ती म्हणायची. तरी स्वतःपुरतं ती काही करत नसे. पण मुलगी नम्रता पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात मुरबाडहून माहेरी आली आणि काशीने दुसऱ्याच दिवशी मोठं पातेलं काढलं. सकाळ-संध्याकाळ पाणी खळखळ उकळायचं, फडक्याने गाळायचं, झाकणाच्या कळशीत भरून ठेवायचं. पोटुशीला पाजायचं ते विस्तवावरून उतरलेलं, एवढंच तिचं शास्त्र होतं.

नम्रता वैतागायची. उन्हाळ्याचे दिवस, त्यात सातवा महिना, आणि प्यायला कोमट पाणी. घोट घेतला की मळमळतं म्हणायची. एका रविवारी संदेश जेवायला बसला असताना तिने त्याला साकडं घातलं, की दादा, आता तूच आईला काहीतरी सांग.

संदेशने हात धुतले, नळाखाली ग्लास धरला आणि मीटर बुडवला. ब्याऐंशी. तो आकडा त्याने आईच्या डोळ्यांपुढे धरला.

“हे बघ आये. बाटलीतलं इकत घेतात ना, त्याच्या तोडीचं पानी हाय हे. तू फुकट गॅस जाळतेस.”

काशीने आपलं म्हणणं मांडून बघितलं. सोसायटीच्या खालच्या टाकीला लागूनच गटाराचं झाकण आहे, आणि परवा लाईट येऊन पंप सुरू झाला तेव्हा पहिली बादली वास मारत होती, असं ती म्हणाली. संदेश म्हणाला, पाण्यात घाण असती तर आकडा वर गेला असता. सापगावला आम्ही विहिरीचं पाणी पिऊन वाढलो, तेव्हा नाही कधी उकळलंस, असंही वर चिडवलं. घरी फिल्टर बसवणं त्याला एका दिवसाचं काम होतं. पण निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडणारं ते डबडं आपल्याच माणसांच्या गळ्यात का मारायचं, असा त्याचा विचार. नम्रता हसायला लागली. दोन्ही पोरं एका बाजूला झाली की काशीचं काही चालत नसे. तिने पातेलं घासून फळीवर पालथं घातलं.

त्या दुपारी नम्रताने फ्रीजमधली बाटली काढून गार पाणी घटाघटा प्यायलं, ओठ पुसले आणि भावाला म्हणाली, “तुज्यामुळं सुटले रे.”

पाच आठवड्यांनी तिला ताप भरला. जेवण जाईना, पाणीही पोटात ठरेना. ऊन बाधलं असेल असं वाटलं. चौथ्या दिवशी काशीने तिला खिडकीशी नेऊन डोळे बघितले, तर ते हळदीसारखे पिवळे होते. त्याच आठवड्यात कळलं की खालच्या मजल्यावर दोघांना आणि समोरच्या विंगेत अख्ख्या घराला कावीळ झाली आहे. मग सोसायटीने टाकीशेजारची जमीन उकरली. संडासाची लाईन फुटली होती, टाकीला तडा होता. कधीपासून, ते कुणालाच सांगता येईना. पाणी दिसायला तेव्हाही निर्मळच होतं. संदेशने कुणाच्या नकळत मीटर बुडवून बघितला. शहाऐंशी.

बाकीच्यांची कावीळ पथ्याने उतरली. ह्या जातीची कावीळ पोटुशीला झाली तर जिवावर बेतू शकते, हे संदेशला ठाण्याच्या दवाखान्यात कळलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या. घरी कोणतं पाणी पिता, असं त्यांनी विचारल्यावर त्याने घाईने सांगितलं, पाणी चांगलं आहे मॅडम, ब्याऐंशी टीडीएस. त्यांनी मान वर केली. तो मीटर क्षार मोजतो, म्हणाल्या, जंतू मोजत नाही. संडासाचं पाणी मिसळलं तरी आकडा फारसा हलत नाही. मग पुन्हा कागदावर लिहिता लिहिता विचारलं, “उकळून का नाही दिलंत?”

संदेश उठला. बाहेर बाकावर काशी बसली होती. डॉक्टर काय म्हणाल्या हे तिने विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

मूल दिवस भरायच्या आतच झालं. मुलगी होती, तिला काचेच्या पेटीत ठेवलं. नम्रताची शुद्ध जात-येत राहिली. शुद्धीवर असताना एकदा तिने गार पाणी मागितलं, नर्सने ओठ ओले करण्यापुरतंच दिलं. पाचव्या दिवशी ती गेली. चोवीस वर्षांची पोर, आणि मरताना घोटभर पाणी नाही. असलं काही बघितलं की देवाला लाज कशी वाटत नाही, असंच माणसाच्या मनात येतं.

दहाव्याला माणसं मुरबाडला जमली. नम्रताची सासू हिरीबाई भांडखोर नव्हती. सून तिची लाडकी होती, आणि म्हणूनच तिला कुठेतरी बोट ठेवायला जागा हवी होती. सगळ्यांच्या देखत तिने काशीला विचारलं, “पोरीला पानी उकळून देत होतीस ना गो?”

संदेशने तोंड उघडलं होतं. पण काशी आधी बोलली. “देत होते. मंग माजाच आळस झाला. बंद केलं मी.”

खरं सांगायला संदेशला वेळ होता, भरपूर वेळ होता. कुणीतरी खाकरून शांतता मोडेपर्यंत त्याला चार वाक्यं बोलता आली असती. तो मान खाली घालून सतरंजीचे दोरे उपटत राहिला. हिरीबाई म्हणाली, नात आता वाशिंदच्या घरी कधी जाणार नाही, आणि आजीनेही इथली पायरी चढू नये. नम्रताचा नवरा भाविक जमिनीकडे बघत होता.

परतीच्या वाटेवर एसटीत संदेशने आईला विचारलं, असं का केलंस म्हणून.

“तुला चारचौघांत वावरायचं हाय,” काशी म्हणाली. “माजं काय. पोर गेली ती गेली, आता पोरगा कशाला घालवू?”

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. नात बरी होऊन मुरबाडला गेल्याचं, मनस्वी नाव ठेवल्याचं, बारसं होऊन गेल्याचं तिला लोकांकडून कळलं. शेजारणीच्या पोराने मोबाईलवर फोटो दाखवला, तो तिने इतका वेळ बघितला की त्याला मोबाईल मागून घ्यावा लागला. संदेशचं मात्र बरं चाललं होतं. काविळीची बातमी वाशिंदभर झाली आणि त्या महिन्यात त्याचे कधी नव्हे एवढे फिल्टर खपले. सळ्या काढायचीही गरज पडली नाही. घरोघरी लोक त्याला त्याच्या बहिणीचं विचारायचे आणि मग फॉर्मवर सही करायचे.

एक दिवस सापगावहून काकाचा फोन आला. तुझी आई मुरबाडला कशाला आली होती, त्याने विचारलं. तो बाजाराला गेला होता. भाविकच्या गल्लीच्या तोंडाशी काशी त्याला उभी दिसली, तासाभराने परत जाताना बघतो तर तिथेच. हाक मारली तर ऐकलं नाही. संदेशने आईला काही विचारलं नाही. ती नम्रताच्या जुन्या साडीची गोधडी शिवत होती, बाळाच्या मापाची. शिवून झाल्यावर तिने ती घडी करून कपाटात ठेवून दिली, कारण द्यायची कुणाच्या हाती?

रविवारी संदेशने ती गोधडी पिशवीत घातली आणि बाईक काढली. सापगावच्या पुलावर थांबून त्याने काय बोलायचं ते पाठ केलं. मुरबाड येईपर्यंत सगळं विसरला.

दार हिरीबाईने उघडलं. पोरगी तिच्या खांद्यावर होती. त्याला बघून तिचा चेहरा मऊ झाला, कारण तिच्या लेखी हा भाऊ, बहीण गमावलेला. तिने त्याला बसवलं. गोधडी हातात घेतली, साडी ओळखली, बोटांनी काठ चाचपला, आणि बाजूला ठेवून दिली. कुणी शिवली ते तिने विचारलं नाही. मग पोरीच्या दुधाची बाटली दाखवत म्हणाली,

“आमच्याकडं नवा नळ आलाय. तू यातला मानूस हायस, तुजा तो मीटर लावून बघ नं रे. पानी चांगलं असल तर रोजचं उकळायचं तरी वाचल.”

तिने ग्लास भरून पुढे ठेवला. संदेशचा हात सवयीने खिशाकडे गेला. मीटर बुडाला, आकडा थोडा वरखाली झाला आणि थांबला. चौऱ्याहत्तर. घरच्या पाण्यापेक्षाही चांगला.

“चांगला म्हनायचा?” हिरीबाईने विचारलं. ती त्याच्याकडे विश्वासाने बघत होती, आणि आईने त्या रविवारी शेवटी पातेलं आवरताना बघितलं होतं तेही असंच, हे त्याला आता दिसलं.

“मावशी, यात काय कळत नाय,” तो म्हणाला. “हा नुसता क्षार मोजतो. मी आयेला असाच आकडा दाखवला. ती उकळत होती, रोज दोन टाइम. मी बंद करायला लावलं. आळस तिनं नाय केला. मी केलं सगळं.”

खांद्यावरची पोरगी कुरकुरायला लागली तशी हिरीबाई उठली, एका हाताने पातेलं गॅसवर ठेवलं, त्यात पाणी ओतलं आणि गॅस पेटवला. पाण्याला उकळी फुटेपर्यंत ती पाठमोरी उभी होती.

“तुज्या आयेला सांग, उद्या सकाळच्या गाडीनं ये म्हनावं,” ती म्हणाली. “पोरीला तिच्या हातानं न्हाऊ घालू दे.” मग, तशीच पाठमोरी, “तू येऊ नको.”

संदेशने घरी येऊन निरोप सांगितला, पहिला अर्धाच. काशीने दोनदा विचारून घेतलं, खरंच बोलावलंय का. पहाटे उठून तिने आंघोळ केली, ठेवणीतलं लुगडं नेसली, पिशवीत पोरीसाठी काजळाची डबी ठेवली. शहापूरहून मुरबाडची एसटी सातला होती. दारात चपला घालताना ती म्हणाली, चल ना तूपण, भाची बघशील.

मला काम आहे, संदेश म्हणाला.

काशी वळली. सोमवारी त्याचं काम दहाच्या आत कधी सुरू होत नसे, हे तिला माहीत होतं. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, “सांगितलंस तू?”

त्याने होकारार्थी मान हलवली. काशी पिशवीसकट तिथेच उंबऱ्यावर मटकन बसली. मग उठली, कारण एसटी सातला सुटत होती.