इंधनाची चावी

निशिकांतचा स्वभावच संशयी. वरणात मीठ जास्त पडलं तरी ह्याला त्यात कुणाचा तरी डाव दिसतो, असं त्याची बायको जाई म्हणायची. पण त्या सोमवारी हौदातल्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, आणि यात काहीतरी काळंबेरं आहे हे तिनंही कबूल केलं असतं.

हौदात महायुद्धातलं जपानी नौदलाचं लढाऊ विमान होतं; म्हणजे त्याचं इंजिन आणि पायलटच्या जागेचा सांगाडा. इथल्याच पुंगोलच्या किनाऱ्याजवळ समुद्रातला गाळ उपसताना सापडलेलं, मीठ निघावं म्हणून गोड्या पाण्यात ठेवलेलं. ते समुद्रात का उतरलं, याचा रिपोर्ट निशिकांतनं द्यायचा होता. तो जहाजांवरचा जुना मरीन इंजिनिअर. गोळीची एकही खूण नाही, आणि इंधनाची चावी, म्हणजे इंजिनला इंधन सोडणारा नळ, बंद. वीस वर्षांचा पायलट तेव्हापासून बेपत्ता. त्याचे भाचे, सत्तरीचे मोरितासान, जपानहून आले तेव्हा निशिकांत तोंडावरच बोलून गेला, की तुमच्या मामांनी इंजिन स्वतः बंद केलं, लढाईतून अंग काढून घेतलं.

तेल नेमकं त्या चावीवरच होतं. गंजलेलं ढिलं करायला घालतात ते, रोज थोडं ताजं. मोरितासान आठवडाभर येत होते, कुणाशी बोलत नव्हते. म्हातारा चावी काढून विकणार, दुसरं काय! बुधवारी जेवायला जातो सांगून निशिकांत हौदाच्या पंपामागे दबा धरून बसला. मोरितासान आले, बाह्या सारून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि चावी पिळू लागले. ती जागची हलेना.

"काय चोरताय?" निशिकांतनं पुढे होऊन विचारलं.

"चोरत नाही. उघडतोय," ते म्हणाले.

मग हात पुसत त्यांनी सांगितलं. आई सत्त्याण्णव वर्षांची. भाऊ लढता लढता गेला, या एका वाक्यावर तिनं जन्म काढला. तो पळाला, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? चावी उघडी असली की तो पुरावाच उरणार नव्हता.

निशिकांतच्या जहाजावर इंजिनरूमला आग लागली तेव्हा त्यानंही आधी इंधनच बंद केलं होतं, आणि कॅप्टननं पाठ थोपटली होती. त्या पोरसवदा पायलटच्या वेळी ही अक्कल कुठे गेली होती? त्याला स्वतःची लाज वाटली.

"मी चुकलो," तो म्हणाला. "ते का उतरले, मला माहीत नाही. पण इंजिन बिघडलं, पेटलं, तर पाण्यात उतरण्याआधी शहाणा माणूस चावी बंदच करतो. त्यावरून ते पळाले असं ठरत नाही. रिपोर्टमध्ये हेच लिहीन."

"आईला आता वाचता येत नाही," मोरितासान म्हणाले. "परत सांगा. हळू. मला पाठ करायचंय."