शिवणखोऱ्याची भिंत

अहिल्या सुतारला एक भिंत मिळाली होती आणि ती तिला सोडायची नव्हती.

भिंत सिअ‍ॅटलजवळच्या एका छोट्या म्युझियममधली, अठरा फूट लांब. अहिल्या तिथे क्युरेटर. जन्म एडिसनचा, शिक्षण बॉस्टनचं, मराठी आईच्या फोनवरच्या गप्पा ऐकून शिकलेलं. म्युझियममध्ये ‘मध्ययुगातल्या डोंगरी काउंट्या’ नावाचं प्रदर्शन भरणार होतं. एक भिंत आल्प्सला, एक पिरिनीजला, एक कॉकेशसला. चौथी स्कॉटलंडला द्यायची होती, पण तिकडच्या लोकांनी ऐन वेळी ढाल पाठवायला नकार दिला, आणि अहिल्या मीटिंगमध्ये म्हणाली, "सह्याद्री."

सह्याद्रीत काउंट्या होत्या का, असं डायरेक्टरबाईंनी विचारलं. अहिल्येने सांगितलं की होत्या. त्यांना मावळ किंवा खोरं म्हणत. एकेका नदीचं एकेक खोरं, त्यावर एक देशमुख. त्याने सारा गोळा करायचा, आपला हिस्सा काढून घ्यायचा, उरलेला सुलतानाला पाठवायचा, आणि जमलं तर नाही पाठवायचा. "म्हणजे अगदी काउंटच," बाई म्हणाल्या. मग सतराव्या शतकाला मध्ययुग म्हणावं का, यावर अर्धा तास गेला. युरोपने आपलं मध्ययुग पंधराव्या शतकात उरकलं. आमचं शाळेच्या पुस्तकात १८१८पर्यंत चालतं, आणि इथल्या मराठी मंडळाच्या जनरल बॉडीत अजून चालू आहे.

भिंत मिळाली, पण अट होती. किमान एक अस्सल वस्तू हवी, शुक्रवारी पाचच्या आत. नाहीतर त्या जागी शिरस्त्राण घालून फोटो काढायची सोय करणार होते. शिरस्त्राणं येऊनही पडली होती. प्लास्टिकची.

अहिल्येचे पणजोबा शिवणखोऱ्यातले. नकाशावर नखाएवढी दिसणारी दरी, भोरच्याही पलीकडे. ते सुतारकाम करायचे, पुढे पुण्याला आले, आणि मग तीन पिढ्यांत घराण्याने लाकूड सोडलं, देश सोडला. नाव तेवढं ठेवलं. आल्प्सच्या शेजारी शिवणखोरं लागलेलं तिला बघायचं होतं. कारण विचारलं तर खांदे उडवायची. "बिकॉज इट वॉज देअर, काका."

मला ती काका म्हणते. मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. असो.

मी यात आलो तो मोडीमुळे. मध्यंतरी नोकरी गेली होती, तेव्हा घरी बसून ऑनलाइन मोडी लिपी शिकलो. शेजारचे लोक त्या काळात मशीन लर्निंग शिकत होते. त्यांना नोकऱ्या आधी लागल्या. शिवाय मी नागपूरचा. नागपूर सपाट आहे, तिथे दऱ्या नाहीत, त्यामुळे दऱ्यांच्या भांडणात मला तटस्थ धरतात.

शिवणखोऱ्याचा अस्सल कागद आख्ख्या अमेरिकेत एकच होता आणि तो बॉथेलला प्रल्हाद देशमुखांच्या देवघरात होता. प्रल्हादकाका चौऱ्याहत्तर वर्षांचे, विमानांच्या कारखान्यातून निवृत्त. त्यांनी तो १९८४ साली गोडा मसाल्याच्या दोन पुड्यांच्या मधे ठेवून आणला होता. फ्रेम केलेला, वर हळद-कुंकू, दसऱ्याला झेंडूची माळ. "हा आमचा महजर," ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. "खोऱ्यातला पहिला मान थोरल्या पातीचा, असा साक्षीपुराव्यानिशी निवाडा आहे यात."

थोरली पाती म्हणजे प्रल्हादकाकांची शाखा. धाकट्या पातीचा विनय देशमुख बेलव्ह्यूला राहतो. वय सेहेचाळीस, एका क्लाउड कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर. दोघांचा मूळपुरुष एक, आणि गेली साडेतीनशे वर्षं प्रश्नही एकच: होळीत पहिली पोळी कोणी टाकायची? शिवणखोऱ्यात आता होळीला मोजकी म्हातारी माणसं असतात आणि पोळी जो जागा असेल तो टाकतो. भांडण मात्र एच-वन व्हिसावर रीतसर इकडे आलेलं आहे. आमच्या मंडळाची होळी म्हणजे पार्कातली प्रोपेनची ग्रिल, कारण लाकूड पेटवायला परवानगी नाही. मागच्या वर्षी दोन ग्रिल आणाव्या लागल्या.

अहिल्येने कागद मागितला तेव्हा काका लगेच तयार झाले. "ने. फक्त खाली पाटीवर लिही, शिवणखोऱ्याचे देशमुख, थोरली पाती. बाकी तुझं तू बघ."

हे विनयला कळायला चाळीस मिनिटं लागली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला म्युझियमला त्याचा ईमेल गेला. विषय: ‘वादग्रस्त वस्तूबाबत’. सोबत अकरा स्लाइड्स. वादग्रस्त वस्तू भिंतीवर लावायची नाही असा म्युझियमचा नियम होता. दोन्ही पक्षांनी एकाच फॉर्मवर सही केली तरच चालेल, असं अहिल्येला सांगण्यात आलं. ही बुधवारची गोष्ट.

गुरुवारी सकाळी तिने मला फोन केला.

"नकुलकाका, शुक्रवारी दोन वाजता. बॉथेल लायब्ररीची मीटिंग रूम बुक केलीये. यू आर कमिंग."

"मी कशाला?"

"तो पेपर वाचायला. कोणी कधी वाचलाच नाहीये तो."

मला हे खरं वाटलं नाही. पण खरंच होतं. कागद मोडीत, काकांच्या आजोबांना मोडी येत होती, पण आजोबांनी नुसतं सांगितलं, वाचून दाखवलं नाही. वडिलांनी विचारलं नाही. काकांनी तर फ्रेमच केला.

शुक्रवारी प्रल्हादकाका फ्रेम बाथ टॉवेलमध्ये गुंडाळून आले. बरोबर मंजुषाकाकू, स्टीलच्या डब्यात चकल्या घेऊन. लायब्ररीत खायला बंदी आहे हे त्यांना मान्य नव्हतं. विनय लॅपटॉप घेऊन आला. टेबल गोल होतं, ही अहिल्येची हुशारी. तरी दोघांनीही दाराकडे तोंड करून बसायची खुर्ची धरली, मग ती काकूंनी घेतली.

"आय वॉन्ट इट ऑन रेकॉर्ड," विनय म्हणाला, "की मी प्रोटेस्टखाली आलोय."

"तू कारखाली आलास तरी चालेल," काकू म्हणाल्या. "चकली घे."

अहिल्येने पांढरे हातमोजे घातले, फ्रेमची मागची बाजू सोडवली आणि कागद टेबलावर मोकळा केला. वरच्या कोपऱ्यात चाळीस वर्षांच्या हळदीचा डाग होता. तो बघून तिने एकदा डोळे मिटले.

"वाचायचं काय त्यात," प्रल्हादकाका म्हणाले. "पाठ आहे आम्हाला."

"तरी वाचू दे ना," विनय म्हणाला. "घाबरता कशाला?"

"मी? मी बहात्तर साली पुणे विद्यापीठाच्या गणिताच्या पेपरला घाबरलो नाही."

मी चष्मा बदलला आणि पहिली ओळ मनात वाचली. मग परत वाचली. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, त्यामुळे आपली चूक झाली असेल अशी आशा बराच वेळ टिकते. माझी तिसऱ्या वाचनाला संपली.

हा महजर नव्हताच. यजितखत होतं. वाद हरलेल्या माणसाने जिंकलेल्याला स्वहस्ते लिहून द्यायचा कागद: मी हरलो, माझं म्हणणं खोटं. काका चाळीस वर्षं आपल्याच पूर्वजाच्या पराभवाला झेंडूची माळ घालत होते.

"काय लिहिलंय?" काका म्हणाले. चेहरा प्रसन्न.

मला मोह झाला. शाई उडालीये, वाळवीने खाल्लंय, मला नीट लागत नाही, असं म्हटलं असतं तर कोणाला कळलं असतं? काका सही करून मोकळे झाले असते. मी अहिल्येकडे पाहिलं. तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं की बातमी वाईट आहे.

"वाचा, नकुलकाका," ती म्हणाली. "जे असेल ते. खोटं लेबल मी लावणार नाही."

"भिंत जाईल," मी हळू आवाजात म्हटलं.

"वाचा."

मी वाचलं. "शके पंधराशे सत्त्याण्णव. यजितखत लिहून दिल्हे ऐसे जे, होळीचे पहिले पोळीचा मान धाकटे पातीचा. आपण कजिया केला. गोत बैसोन मनास आणिता आपण खोटे जालो. पुढे आपण अगर आपले लेकराचे लेकरी कथळा करील, तो गोताचा अन्यायी."

पहिला आवाज निघाला काकूंचा.

"अहो, चाळीस वर्षं मी याला हळद-कुंकू वाहिलं!"

विनय उभा राहिला होता. तो हसत नव्हता, पण त्याला ते फार कष्टाने जमत होतं. "काका, 'लेकराचे लेकरी' म्हणजे तुम्ही. 'गोताचा अन्यायी' म्हणजे पण तुम्हीच. मी स्लाइड्स अपडेट करतो."

प्रल्हादकाका कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी टॉवेल उचलला.

"घरी चला," ते काकूंना म्हणाले. "सही-बिही काही नाही."

"काका, बसा," अहिल्या म्हणाली.

"नाही बाळा. आमची अब्रू अठरा फुटी भिंतीवर टांगायची नाही मला."

ती दारापाशी जाऊन उभी राहिली. पाच फूट एक इंच उंची. पण दार एकच होतं. घड्याळात अडीच वाजून गेले होते.

"एक प्रश्न," ती म्हणाली. "हे खत जिंकलेल्याला द्यायचं असतं ना? मग हे तुमच्याकडे कसं?"

काकांनी मागे वळून कागदाकडे पाहिलं. विनयही थबकला. खरं तर हा प्रश्न अकरा स्लाइड्समध्ये यायला हवा होता.

"म्हणजे तुमच्या पूर्वजाने लिहिलं," अहिल्या सावकाश म्हणाली. मराठी वाक्य ती पायऱ्या उतरल्यासारखं एकेक शब्दावर पाय ठेवून बोलते. "आख्खं गाव बसलं होतं समोर. लिहावंच लागलं. पण नंतर त्याने ते दिलं नाही. नेव्हर डिलिव्हर्ड."

काका खाली बसले. टॉवेल मांडीवर.

"दिलं नाही," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "दिलंच नाही! विनय, ऐकलंस? दिलं नाही म्हणजे हरलो नाही."

"काका, लिहिलंय हो ठसठशीत!"

"लिहायला काय जातंय. लिहून तर मी दर वर्षी देतो डॉक्टरला, तेलकट खाणार नाही म्हणून."

"खाताय आत्ता," काकू म्हणाल्या. काकांच्या हातात चकली होतीच.

अहिल्येने खुर्ची ओढली आणि दोघांच्या मधे बसली. "आल्प्सच्या भिंतीवर एका काउंटचा कागद आहे. तो जिंकला होता. पिरिनीजवाला पण जिंकला होता. आमच्या आख्ख्या बिल्डिंगमध्ये सगळे जिंकलेलेच आहेत, कारण हरलेला कागद कोणी ठेवतच नाही. हा ठेवलाय. साडेतीनशे वर्षं, जपून. माझ्या माहितीत असा दुसरा नाहीये."

"दुसरा नाही?" काका म्हणाले.

"मी तरी पाहिला नाही."

विनयने लॅपटॉप अर्धा मिटवला. "पण हरले असं लिहिणार ना तू? क्लिअरली?"

"लिहिणार."

"आणि दिलं नाही, असं?" काकांनी विचारलं.

"ते पण. त्याच फाँटमध्ये."

दोघे विचारात पडले. मी कागदाचा तळ वाचत बसलो. साक्षीदारांच्या निशाण्या होत्या तिथे, लिहिता न येणाऱ्यांनी आपापल्या हत्याराची चित्रं काढलेली. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची रापी, सगळ्यांत खाली सुताराचं किंकरं, म्हणजे पटाशी. मी ते अहिल्येला दाखवलं. ती वाकली, कागदाला नाक लागेल इतकी वाकली, आणि हातमोजा घातलेलं बोट त्या चित्राच्या वर अर्ध्या इंचावर धरून ठेवलं.

"नाव आहे?"

"नाही. नुसतं 'सुतार'."

"ओके," ती म्हणाली. बोट मात्र लगेच काढलं नाही. मग तिने बॅगेतून फॉर्म काढला, टेबलावर ठेवला, वर पेन.

"सही."

प्रल्हादकाकांनी हात पुढे केला. त्याच क्षणी विनयनेही. दोघांचे हात पेनापासून चार बोटांवर थांबले.

मी मनात म्हटलं, गेली भिंत.

"मी वयाने मोठा आहे," काका म्हणाले.

"आत्ताच वाचलं ना काका? पहिला मान कोणाचा ते?"

"दिलेलं नाही ते खत!"

"म्हणून काय झालं, पहिली सही—"

"तुझ्या बापाने कधी माझ्या आधी सही केली नसती!"

"त्यांनी कोर्टात केली होती. भोरला. तुमच्या आधी."

काकूंनी डब्याचं झाकण आपटलं. भिंतीपलीकडून कोणीतरी शूऽऽ केलं. अहिल्येने घड्याळ पाहिलं: तीन वीस. म्युझियमपर्यंत पोचायला पाऊण तास, ट्रॅफिक धरून एक.

तिने पेन उचललं. फॉर्म स्वतःकडे वळवला आणि सगळ्यांत वरच्या ओळीवर, जिथे नुसतं ‘सही’ असं छापलेलं होतं, तिथे आपलं नाव लिहिलं. अहिल्या सुतार. अक्षर मोठं, देवनागरी, थोडं शाळकरी.

"ए, हे काय?" विनय म्हणाला.

"पहिली सही. शिवणखोऱ्याची. मी पण तिथलीच आहे."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. प्रल्हादकाका विनयच्या चेहऱ्यावर नाराजी शोधत होते आणि विनय काकांच्या. दोघांनाही ती सापडली. त्यामुळे दोघांनाही बरं वाटलं.

"हरकत नाही," काका म्हणाले. "ह्याची नाही ना पहिली? मग हरकत नाही."

"सेम हिअर," विनय म्हणाला.

खालच्या दोन ओळी शेजारीशेजारी होत्या. कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे, हा मुद्दा काकांनी काढलाच. पण अहिल्येने तोवर दोघांच्या हातात एकेक पेन दिलं होतं आणि ती "वन, टू" म्हणाली. दोघांनी एकदमच सह्या केल्या, कोपर कोपराला लावून, पाचवीतल्या मुलांसारखं दुसऱ्याच्या कागदात बघत.

तिने फॉर्म फाइलमध्ये घातला, कागद दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवला, हातमोजे काढले. फ्रेम टेबलावरच राहिली.

"ही?" काकूंनी विचारलं.

"नको. ठेवा तुम्ही," ती म्हणाली आणि गाडीची किल्ली शोधत बाहेर पडली. साडेतीन वाजले होते. दाराच्या काचेतून ती पार्किंगमध्ये दिसली. पुठ्ठे छातीशी धरून, जवळजवळ पळत.