उन्हाचा ठराव

चौथ्या मजल्यावरची बेल दाबण्यापूर्वी देवदत्त प्रधानांनी मनाशी जमा बाजू मांडून घेतली होती. गच्चीवर सौर पॅनेल बसली की सरकारी अनुदान, लिफ्ट आणि पंपाचं बिल जवळपास पुसलेलं, 'हरित सोसायटी'चं प्रमाणपत्र, आणि ते हातात धरून फोटो. फोटोत मधोमध अर्थातच सेक्रेटरी. शिवाय गच्चीवरची वर्षानुवर्षांची एक कटकट आपोआप मिटणार होती. ती कटकटच दार उघडून समोर उभी राहिली, हात पिठाने माखलेले.

"वनमालाताई, उद्याच्या सभेत आपल्या सौर ठरावाला अनुमोदक तुम्ही."

"मी?"

"सूचक मी, अनुमोदक तुम्ही. नाव मोठ्याने वाचलं जाईल. इतिवृत्तात लागेल."

भांडुपच्या या इमारतीत अनुमोदक म्हणून आजवर एकच नाव वाचलं जाई, खजिनदार क्षमाबाईंचं. वनमालाबाईंचे मालक गिरणीतून सुटल्यावर सभेला यायचे ते शेवटच्या रांगेत बसायचे, सही करायचे आणि चहाआधी निघून जायचे. वनमालाबाईंनी पदराला हात पुसले. क्षमाबाईंचा उद्याचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला असावा, कारण त्या हसल्या.

मग एकदम आठवल्यासारखं म्हणाल्या, "पण भाऊ, माझं वाळवण?"

"अहो, सूर्य काय कुणाच्या बापाचा आहे? सगळ्यांना पुरतो."

सूर्याबद्दल प्रधान खरं बोलले. गच्चीबद्दल काही बोललेच नाहीत.

सभेत नाव वाचलं गेलं. चारजणांनी टाळ्याही वाजवल्या.

वनमालाबाईंच्या तांदळाच्या पापडांना मुलुंडपर्यंत गिऱ्हाईक होतं. एका उन्हाळ्याच्या कमाईवर त्यांचं वर्ष निघे. औषध असो की गावच्या देवीची ओटी, सून श्रुतिकापुढे हात पसरावा लागत नसे. घराच्या खिडकीत ऊन नव्हतं, समोरच्या टॉवरने ते कधीच विकत घेतलं होतं. गच्ची होती म्हणून पापड होते. मार्चमध्ये ओल्या पापडांची परात घेऊन त्या वर गेल्या, तर दाराला कुलूप.

"विजेच्या तारा आहेत वर," प्रधान म्हणाले. "गच्ची बंद ठेवायची, हे ठरावातच आहे."

"मला कुठं सांगितलंत?"

"सांगायचं काय? ठराव तुमचाच. अनुमोदन कुणाचं?"

मागून क्षमाबाई म्हणाल्या, "मोठा मान मिळाला हो तुम्हाला."

परात खाली आली. पापड पंख्याखाली दोन दिवस राहिले आणि आंबले. श्रुतिकाने नाकाला ओढणी लावून ते कचऱ्यात ओतले. ऑर्डरींचे आगाऊ पैसे घेऊन झाले होते, हे तिला ठाऊक होतं.

एप्रिलमध्ये पॅनेलवर धुळीचा थर बसला. समोर टॉवरांची खोदकामं, मागे खाडीचा वारा. वीज घटली. धुवायला माणूस लावला तर पैसे मोजावे लागणार. दुसऱ्या मजल्यावरची अस्मिता कॉम्प्युटरवाली, पॅनेलचा हिशेब तिच्या मोबाइलवर दिसे.

ती प्रधानांना म्हणाली, "काका, वनमालाकाकूंना द्या ना काम. थोडं मानधनही देऊ."

"सभासदाला मानधन देता येत नाही, नियम आहे. पण चावी देऊ. खूश होतील."

वनमालाबाई खरंच खूश झाल्या. सकाळी बादल्या चढवून एकेक पॅनेल त्यांनी फडक्याने असं पुसलं की त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसू लागला. हात लावला तर चटका बसला. एवढी स्वच्छ, एवढी तापलेली जागा त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेली सुती लुगडी नेली, पॅनेलांवर पसरून टोकं खांबांना बांधली आणि वर पापड घातले. बारा वाजेपर्यंत पापड खडखडीत झाले. मग दुसरी खेप. आठवडाभरात दोन मोठे डबे भरले. त्या जिना उतरताना गुणगुणायला लागल्या होत्या.

"काका, ग्राफ बघा," अस्मिता म्हणाली. "रोज दहा वाजता धाडकन खाली. आभाळात ढग नाही, काही नाही. काय वाट लागलीय कळत नाही."

प्रधान वर गेले. आधी त्यांनी फोटो काढले, मग हाक मारली.

"वनमालाताई, हे काय मांडलंय?"

"सूर्य सगळ्यांना पुरतो म्हणालात ना, भाऊ?"

अस्मिताला हसू आलं. प्रधानांना आलं नाही.

समितीने चावी काढून घेतली आणि बुडालेल्या विजेबद्दल दंड लावला. डबे 'पुरावा' म्हणून ऑफिसात ठेवून घेतले. धुण्याचं काम मात्र काढून घेतलं नाही. दर रविवारी अस्मिता कुलूप उघडे आणि बादल्या रिकाम्या होईस्तोवर दारात उभी राही.

दंड श्रुतिकाने भरला, गिऱ्हाइकांचे पैसेही तिनेच परत केले.

"आई, यापुढे ऑर्डरी नकोत," ती म्हणाली. "काही लागलं तर माझ्याकडे मागा."

वनमालाबाईंनी मान हलवली.

मे अखेर प्रमाणपत्र द्यायला वॉर्डातले साहेब आले. गच्चीवर खुर्च्या मांडल्या, फोटो निघाला, मधोमध प्रधान. चहाबरोबर क्षमाबाईंनी तळलेल्या पापडांचं ताट फिरवलं. साहेबांनी एक खाल्ला, मग दुसरा घेतला.

"फर्स्ट क्लास. कुठून मागवता?"

"आपल्या सोसायटीचेच," प्रधान म्हणाले. "सौरऊर्जेवरचे."

सगळे हसले. वनमालाबाई पाण्याच्या टाकीपाशी फडकं पिळत होत्या; त्याही हसल्या.

तळणीच्या तेलाचा खर्च क्षमाबाईंनी किरकोळमध्ये घातला. किरकोळ खर्च सगळ्या घरांवर सारखा बसतो. चौथ्या मजल्यावरचा हिस्सा त्या महिन्यात श्रुतिकाने भरला आणि रात्री जेवताना सासूला तसं सांगितलं.